बशीर वस्तादांचं निम्मं कुडो

आमच्या तेरमध्ये बशीर वस्तादांना भेटायला जाताना चांगला शर्ट घालू नये. तुम्ही "काय वस्ताद, बरं आहे ना?" म्हणायला तोंड उघडता, तोवर त्यांचा उजवा हात तुमच्या कॉलरवर पोचलेला असतो. चार बोटं आत, अंगठा बाहेर. मग एक छोटासा हिसका. तुमचा तोल जातो, आणि वस्ताद तुमच्याकडे न बघता कॉलरकडे बघत निकाल देतात, "शिलाई कच्ची हाय."

एकदा जिल्ह्याहून शाळातपासणीला एक साहेब आले होते. मी त्यांना चहाला घेऊन निघालो आणि वाटेत वस्ताद आडवे आले. मी ओळख करून देईपर्यंत साहेबांची कॉलर त्यांच्या मुठीत आणि साहेबांचा शर्ट खांद्यापासून बगलेपर्यंत उसवलेला. साहेब पांढरेफटक पडले. "बघा, म्या म्हटलं न्हवतं?" वस्ताद मला म्हणाले. ते काहीही म्हणाले नव्हते. मग त्यांनी साहेबांना दुकानात नेलं, बनियनवर बसवलं, चहा पाजला आणि तो खांदा असा शिवून दिला की बाकीचा शर्ट त्याच्यापुढे गरीब दिसायला लागला. साहेबांनी शाळेला शेरा चांगला दिला. पुढच्या तपासणीला मात्र ते शाल पांघरून आले, तेही एप्रिलात.

"आधी विचारून तरी धरत जा," असं मी त्यांना किती वेळा सांगितलं असेल. त्यावर त्यांचं एकच उत्तर ठरलेलं. "मास्तर, हातात घेतल्याबिगर कळत न्हाय." कापड असो, माणूस असो, बाजारातलं वांगं असो. वांगीवाल्या बाईनं त्यांना आपल्या टोपलीपासून चार हात लांब उभं राहायचा नियमच घालून दिलाय.

वस्ताद पेशानं शिंपी आणि हाडानं पैलवान. वय चौसष्ट. दोन्ही कान मोडून सुकलेल्या अंजिरासारखे झालेले, त्यामुळे चष्म्याच्या काड्या त्यांच्यावर टिकत नाहीत आणि चष्मा नाडीनं डोक्यामागं बांधावा लागतो. गळ्यात टेप. पायजम्याखाली आजही लंगोट. "बोलावणं कवा येईल सांगता येत न्हाय," म्हणतात. कसलं बोलावणं, ते मी कधी विचारलं नाही. कुस्तीचं असावं असं मी धरून चाललो होतो.

मी लहान होतो तेव्हा नदीकडच्या तालमीत पहाटे तीस-चाळीस पोरं घुमायची. हौद्यातली तांबडी माती चाळायची, तिच्यात ताक, हळद, लिंबू, कापूर आणि तेल घालून चार दिवस मळायची, हे काम आम्हा लहान पोरांकडे. त्या मातीचा वास मला अजून येतो. शाळेत फळ्यावर कविता लिहिताना मध्येच येतो आणि मी खडू धरून उभा राहतो. पोरांना वाटतं मास्तर ओळ विसरले.

त्या तालमीचे दोन राजे होते. एक बशीर, दुसरा शिवाप्पा. बशीरच्या घरचे लंगोट आणि शिवाप्पाच्या घाण्याचं तेल, यावर तालीम चालायची. शिवाप्पा लिंगायत तेलवाल्याचा मुलगा, घरात कानडी, रस्त्यावर मराठी. जोर काढताना तो मोजायचा कानडीत, ओंदु, एरडु, मूरु, आणि त्याच्या शेजारी बशीर निमूट त्याच मोजणीवर जोर काढायचा. दोघांची जोड लावली की गाव गोळा व्हायचं आणि तासाभरानं बरोबरीत सोडवून घरी जायचं. कोण भारी, हे तेरमध्ये आजवर कुणाला कळलेलं नाही.

मग शिवाप्पा लष्करात गेला. तिथं त्याला मुष्टियुद्धात घातलं. सुटीवर आला की नाक दर वेळी नव्या दिशेला वळलेलं असायचं. नोकरी संपवून तो कायमचा परतला तो एक गोष्ट डोक्यात घेऊनच. गावच्या पोरांना भरतीसाठी तयार करायचं, त्यांना ठोसा शिकवायचा. एके सकाळी त्यानं वाळूनं भरलेलं पोतं तालमीच्या तुळईला टांगलं.

बशीर वस्तादांना ते खपलं नाही. मातीला कपाळ लावून आत यायचं आणि मूठ उगारायची, हे त्यांच्या लेखी पाप. दोन दिवस ते नुसते धुमसले. तिसऱ्या दिवशी दुकानातनं कापडाची मोठी कात्री घेऊन आले आणि पोत्याचं पोट फाडलं. मी तिथंच होतो. सगळी वाळू भसकन खाली आली, ती चार दिवस मळलेल्या मातीत.

"माझ्या मातीत मुक्का चालणार न्हाय," वस्ताद ओरडले.

शिवाप्पानं मातीकडं बघितलं. "मातीत तेल कुणाच्या घरचं हाय, बशीर?" एवढंच म्हणाला आणि निघून गेला.

आम्ही आठ दिवस ती माती चाळत होतो. वाळू काही पुरती निघाली नाही. या गोष्टीला आता बावीस वर्षं झाली. तालीम हळूहळू बसली, पोरं आधी क्रिकेटला आणि मग मोबाइलला गेली, आणि दोघे बोलले नाहीत ते नाहीच.

आता यातली गंमत अशी की दोघांची दुकानं समोरासमोर. एसटी स्टँडच्या रस्त्याला अलीकडे वस्तादांचं 'न्यू फॅशन टेलर्स', पलीकडे शिवाप्पांचं करडईच्या तेलाचं दुकान. मध्ये बारा पावलांचा रस्ता. बावीस वर्षांत ती बारा पावलं दोघांपैकी कुणी टाकली नाहीत. मात्र शिवाप्पांचे शर्ट शिवायचे बशीर वस्तादच.

दर दिवाळीला शिवाप्पांचं, म्हणजे आमच्या आप्पांचं, कापड मी अलीकडे आणायचं आणि शिवलेले दोन शर्ट मी पलीकडे न्यायचे, असा रिवाज पडला. पहिल्या वर्षी मी वस्तादांना विचारलं, "मापं?"

"हायत माझ्याकडं."

"ती जुनी झाली. आप्पांचं पोट सुटलंय."

"दीड इंच," वस्ताद म्हणाले. "दुपारी शटर वढायला दोनी हात वर करतो न्हवं, तवा समदं दिसतं. छाती, बगल, बाही. घरला जाताना पाठमोरा असतो, तवा खांदा."

आणि शर्ट बसायचा. अंगाबरोबर बसायचा. मी पलीकडे जाऊन आप्पांना खोचून विचारायचो, "एवढं वाकडं आहे तर दुसरा शिंपी का नाही बघत?" आप्पा शर्टाची घडी न मोडता म्हणायचे, "माझी मापं त्याच्याकडं हायत." जणू वस्तादांनी ती जप्त करून ठेवली होती.

तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत वस्तादांनी मला आत बोलावलं. त्यांच्या मांडीवर आप्पांचा शर्ट होता, आणि नेहमीसारखा निकालाचा सूर नव्हता. "मास्तर, गळा अर्ध्या इंचानं उतरलाय. खांदा बी. चार महिन्यांत. त्याला डॉक्टराकडं न्या. माझं नाव घेऊ नका."

आप्पा आम्हाला रोज दिसत होते. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मी काहीतरी निमित्त काढून त्यांना धाराशिवला घेऊन गेलो, तपासण्या झाल्या, साखर भलतीच वाढलेली निघाली. औषधं सुरू झाली, पण माणूस खचला. त्यांची बायको पाच वर्षांपूर्वी गेलेली, मुलगा पुण्याला. दुकानाचं शटर अर्धंच वर जायला लागलं. आप्पा आत स्टुलावर भिंतीकडं तोंड करून बसायचे. गिऱ्हाईक आलं तर "न्या तुमच्या हातानं" म्हणायचे. शटर पुरतं ओढायलाच ते उठेनात, त्यामुळे वस्तादांना मापं मिळायची बंद झाली. ते सुई हातात धरून पलीकडच्या अर्ध्या शटराकडे बघत बसायचे, आणि मला त्यांची फार काळजी वाटायची.

अशातच ते दोऱ्याची रिळं आणायला धाराशिवला गेले आणि संध्याकाळच्या एसटीनं परत आले नाहीत. शेवटच्या गाडीनं आले ते थेट माझ्या दारात.

"मास्तर, जपानमधी कुणीतरी भांडण मिटवलंय."

"कुणाचं?"

"पकडीचं आन् मुक्क्याचं!"

एका सभागृहात कसलंसं शिबिर चाललं होतं. वस्ताद खिडकीतून डोकावले आणि चार तास तिथंच उभे राहिले. त्या खेळाचं नाव कुडो. अंगात जाड डगला, डोक्यावर पुढून पारदर्शक काच असलेलं शिरस्त्राण. ठोसा मारायचा, लाथ मारायची, आणि जवळ आला की डगला धरून उचलून आपटायचा, खाली पडल्यावरही पकड घालायची. सगळं एकाच सामन्यात, आणि आधी-नंतर एकमेकांना वाकून नमस्कार. "धोबीपछाड बी मारली एकानं," वस्ताद सांगत होते. "आन् ती मारायच्या आधी मुक्का. दोनी चालतंय, मास्तर. दोनी एका जागी नांदतंय."

त्यातही डगल्यानं ते वेडे झाले होते. कुस्तीत धरायला घामेजलेलं अंग, इथं धरायला कापड. "म्हंजे निम्मा सामना शिंप्याच्या हातात!" असं म्हणून त्यांनी माझी कॉलर धरली. तो शर्ट मी पुढं फरशी पुसायला काढला.

पंधरा दिवसांत तेरमध्ये कुडो अवतरलं. इतकं जाड कापड तयार मिळेना, तेव्हा वस्तादांनी गादीपाट आणला, आपल्या गादीच्या खोळीला असतो तो, निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा. त्याचे दुहेरी शिलाईचे बारा डगले शिवले. पोरं ते घालून रांगेत उभी राहिली की गाद्यांच्या दुकानात आल्यासारखं वाटायचं. शिरस्त्राण एकच मागवलं होतं. त्याची सवय व्हावी म्हणून वस्ताद ते घालून मशीनवर बसायचे. उन्हाळ्यात आतून वाफ धरायची, बाहेरचं दिसायचं नाही, गिऱ्हाइकाचं ऐकू यायचं नाही. नातीचा परकर शिवायला आलेली एक म्हातारी दारातूनच परत फिरली आणि घरी जाऊन म्हणाली, "वस्तादाच्या जागी कुणीतरी अंतराळातलं बसलंय."

शिकायला अकरा जण आले, बहुतेक पोलीस भरतीवाले. त्यात आरती नावाची एक तरतरीत मुलगी होती, वीस-एकवीस वर्षांची. अकरा जणांचे अकरा डगले. बारावा खुंटीला टांगलेला, भल्यामोठ्या मापाचा.

"हा कुणाचा?" मी विचारलं.

"जाहिरातीचा," वस्ताद म्हणाले.

तालीम रिकामी पडलेली असताना त्यांनी शिकवणी भरवली ती दुकानापुढच्या मोकळ्या जागेत, बरोब्बर शिवाप्पांच्या दुकानासमोर. "हितं उजेड बरा हाय," म्हणाले. लिंबाच्या झाडाला त्यांनी स्वतः शिवलेलं एक पोतं टांगलं. ज्या माणसानं पोतं फाडलं त्यानंच पोतं टांगलं म्हणून गाव बघायला आलं. पण त्या पोत्याला कुणी हात लावायचा नाही, असा वस्तादांचा हुकूम होता. पोतं नुसतं दर्शनाला.

पकडी, डाव, आपटणं, पडणं हे सगळं ते असं शिकवायचे की मलाही सदरा काढून उतरावंसं वाटायचं. चौसष्टाव्या वर्षी त्यांची टांग बसली की तगडी पोरं आडवी व्हायची. ठोशांची वेळ आली मात्र की सगळा पोरखेळ. हवेत मारायचं, आणि मारायचं तेही मूठ वळताना अंगठा आत दाबून. अंगठा आत ठेवून कुणी खरंच ठोसा हाणला तर पहिला मोडतो तो अंगठा, हे मलाही ठाऊक होतं. मी सांगून बघितलं. वस्ताद म्हणाले, "तुमी कविता शिकवा." वर मोजणी कसली, तर ओंदु, एरडु, मूरु! पोरांना वाटायचं हे जपानी आहे. एकानं ते वहीत जपानी म्हणून उतरवूनही घेतलं होतं. मी मनात म्हटलं, हवेतच मारायचंय तर कानडीत मोजा नाहीतर जपानीत.

बाकी अर्धं कधी शिकवणार, असं कुणी विचारलं की उत्तर एकच. "निम्मं माझं. निम्मं येणाऱ्याचं."

येणारा कोण, हे मला उशिरा उमगलं. त्याची मला अजून लाज वाटते. इतके शर्ट मी इकडून तिकडे नेले, आणि एवढी साधी गोष्ट मला दिसली नाही.

धाराशिवच्या स्पर्धेला पंधरा दिवस उरले होते. आरतीनं नाव दिलं होतं. त्या स्पर्धेचं सांगून टाकतो, म्हणजे राहायला नको. ती दोन फेऱ्या जिंकली, तिसरीत हरली, आणि तिथले लोक तिच्यापेक्षा तिच्या डगल्याचीच चौकशी जास्त करत होते. पण मला सांगायचंय ते त्याच्या आधीच्या एका सकाळचं.

सकाळचे आठ वाजले होते. मी शाळेला निघालो होतो आणि सवयीनं लिंबाखाली थांबलो. आरती वैतागली होती. "वस्ताद, समोरची पोरगी मला हवेत मारणार न्हाय. तोंडावर मारणार हाय. आमाला ठोसा कवा शिकवणार?"

वस्ताद पलीकडे बघत होते. शटर अर्धं वर होतं, आतलं स्टूल मात्र आता रस्त्याकडं वळलेलं. "थांब अजून थोडी," ते म्हणाले.

"किती थांबू?" आरती म्हणाली. तिनं मूठ वळली, अंगठा आत तसाच, आणि सगळा राग गोळा करून ती पोत्याकडे वळली.

"ए! थांब!"

अशी आरोळी मी बावीस वर्षांत ऐकली नव्हती. शिवाप्पा अर्ध्या शटराखालून वाकून बाहेर आले. डोकं आपटलं, तरी थांबले नाहीत. एक एसटी येत होती, तिला हात करून थांबवलं आणि तो बारा पावलांचा रस्ता त्यांनी ओलांडला. आरतीची मूठ हातात घेतली, एकेक बोट उलगडलं, अंगठा बाहेर काढला आणि मूठ पुन्हा वळून दिली.

"असा. भाईर. मोडला असता की." मग ते वस्तादांकडे वळले. दोघांमध्ये हातभर अंतर होतं. "कुणी शिकवलं हे असं?"

"म्या," वस्ताद म्हणाले.

"तुला म्या असं शिकवलं हुतं?"

मी उडालोच. मग हळूहळू उलगडा झाला. लष्करातल्या पहिल्या सुटीत आप्पांनी नदीकाठी बशीरला ठोसा शिकवला होता, तालमीतल्या कुणाला कळू न देता. बशीरला तो उत्तम येत होता. वर्षभर हा माणूस गावापुढं स्वतःचं हसं करून घेत होता, कारण चुकीची मूठ शिवाप्पाला बघवणार नाही, एवढी एकच खात्री त्याला होती.

"पोरीचा हात गेला असता म्हंजे?" आप्पांचा आवाज चढला.

वस्ताद खाली बघत म्हणाले, "न्हाय गेला असता. वाळू न्हाय भरली. कात्रणं हायत आत. मऊ हाय."

आप्पांनी पोत्यावर हात ठेवला. दाबून बघितलं. बावीस वर्षांत शिवलेल्या शर्टांचे तुकडे होते आत, त्यात त्यांच्या स्वतःच्याही शर्टांचे असणार. मग त्यांनी पोत्याची शिवण चिमटीत धरली आणि एक हिसका दिला. काही उसवलं नाही.

"पक्की हाय," ते म्हणाले.

मग त्यांनी पाय मांडले आणि पोत्यावर ठोसे टाकले. ओंदु. एरडु. मूरु. वहीत उतरवून घेणाऱ्या त्या पोरानं डोळे मोठे केले, या म्हाताऱ्याला जपानी कसं येतं म्हणून. तिसऱ्या ठोशाला आप्पांना धाप लागली आणि त्यांनी पोत्याचाच आधार घेतला. एसटी अजून थांबलेली होती. ड्रायव्हर, कंडक्टर, सगळे खिडक्यांतून बघत होते आणि हॉर्न वाजवायचं कुणाला सुचत नव्हतं.

वस्ताद दुकानात गेले आणि खुंटीवरचा बारावा डगला घेऊन आले. आप्पांनी हात पुढं केले. डगला त्यांच्या अंगावर असा बसला की मला खांद्याची शिवण बघावीशी वाटली. ती दोन ठिकाणी उसवून आत घेतलेली होती. जुन्या टाक्यांची भोकं दिसत होती. आप्पा वाळत गेले तसा, अर्ध्या शटराखालून जेवढे दिसले तेवढ्यावरून, वस्तादांनी जाहिरातीचा तो डगला आत घेत आणला होता.

"झकास बसलाय की," मी म्हणालो.

"कुठं बसलाय? हातात घेतल्याबिगर कळत न्हाय," वस्ताद म्हणाले, आणि त्यांनी गळ्यातला टेप काढला.

त्यांनी आप्पांचा गळा मोजला. मग खांदा, या टोकापासून त्या टोकापर्यंत, टेपावरून तळहात फिरवत. मग बाही. छातीला टेप घालताना त्यांना आप्पांच्या पाठीमागून दोन्ही हात पुढं आणावे लागले, आणि टेप जुळून गेला तरी ते हात तिथंच राहिले. एवढ्यात डोळ्यांवरचा चष्मा घसरला, तो त्यांनी सावरला नाही.

"लिहून घे की रे, बशीर," आप्पा म्हणाले. "इसरशील."

वही मशीनवर उघडी पडली होती, तिच्यात पेन्सिलही होती. वस्तादांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी टेप सोडवला आणि पुन्हा गळ्यापासून सुरुवात केली. आप्पा हात पसरून तसेच उभे राहिले.